धोंडूभाऊंच्या बोटीचे पत्रे

बोट डावीकडे कलते, हे धोंडूभाऊ साळवींनी कधीच मान्य केलं नाही. त्यांच्या मते दासगावची खाडीच उजव्या अंगाला जरा उंच होती.

"पाणी कधी एका बाजूला उंच असतंय का वो?" किनाऱ्यावर उभ्या राहून पदर पिळत सुंदराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"भरतीचं पाणी हाय ते. त्याला काय सपाटीची सवय असते?"

"मग तुमची बाजू कोरडी कशी?"

धोंडूभाऊंनी आपल्या खाकी शर्टाकडे पाहिलं. इस्त्री जशीच्या तशी होती. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या जावयाच्या, राजेंद्रच्या, पँटची घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि डाव्या बाकावरून उतरलेल्या चौघी, म्हणजे स्वतः सुंदराबाई, मुलगी दीक्षा, त्यांची थोरली बहीण रंगूबाई आणि शेजारच्या बनुबाई, अशा निथळत होत्या की जणू धुणं धुवायला गेल्या आणि स्वतःच धुऊन निघाल्या.

"तुमी बाया पाण्यात हात घालता," धोंडूभाऊ ठामपणे म्हणाले. "त्यानं पाणी वर येतं."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सुंदराबाईंनी पदर सोडला आणि कमरेवर हात ठेवले.

"ऐका मग. आता बुद्धपौर्णिमेला मी एकदाच बसेन. बोट सरळ गेली तर राहील घरात. कलली, तर त्याच दिवशी हैबतीला देऊन टाकायची. आणि पुन्हा ह्या घरात बोटीचं नाव निघायचं नाय."

हैबती जवळच होडीतलं पाणी उपसत होता. दासगावचा हा होडीवाला साठीला आला होता, आणि वल्ही मारून मारून त्याचे दोन्ही खांदे कामातून गेले होते. त्याने हातातलं डबडं खाली ठेवलं.

"वैनी, शब्द पक्का?"

"पक्का."

"चार माणसं हायती साक्षीला," हैबती म्हणाला, आणि धोंडूभाऊंच्या बोटीकडे असं पाहू लागला, की तिला कुठला रंग द्यावा हे त्याचं ठरत आलं असावं.

आपण रागाच्या भरात काय बोलून बसलो, ते सुंदराबाईंना महाडला घरी पोचल्यावर, कोरडं लुगडं नेसल्यावर उमगलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. धोंडूभाऊ महाडच्या एसटी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. आंबेनळी घाटात बंद पडलेली गाडी त्यांनी एकदा नुसत्या शिव्या देऊन चालू केली, असं डेपोत अजून सांगत. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घरातल्या वस्तू खोलायला सुरुवात केली. भिंतीवरचं घड्याळ, स्टोव्ह, मिक्सर, सुंदराबाईंचं शिवणयंत्र. कशातच बिघाड नव्हता, पण सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेली होती म्हणे. त्यानंतर घड्याळ सकाळी पुढे आणि दुपारी मागे जाऊ लागलं, आणि शिवणयंत्र फक्त उलटी शिलाई घालू लागलं. बाई भाजी चिरायला बसल्या की धोंडूभाऊ समोर बसून विळीचा कोन सांगत. एकतीस वर्षं सुंदराबाईंनी नवऱ्याच्या घरी येण्याची वाट पाहिली होती. आता त्या त्याच्या बाहेर जाण्याची वाट पाहत.

तेवढ्यात बोट आली. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांची ती हौसेची बोट. इंजिनाची दुरुस्ती धोंडूभाऊच करत, म्हणून गुजरातेत बदली झाल्यावर साहेब ती त्यांनाच देऊन गेले. अठरा फूट लांब, पांढरी, फायबरची. मागे टांगलेलं इंजिन, पुढे उजवीकडे सुकाणू आणि दोन्ही कडांना दोन लांब बाक. अंगणात फणसाखाली बोट उभी राहिली आणि धोंडूभाऊ घरातून उठून तिच्याकडे गेले, ते जेवायलाच आत येऊ लागले. घड्याळ दुकानात नेऊन नीट करून आणलं. घर पुन्हा घर झालं.

आणि अशी बोट आपणच आपल्या तोंडाने हैबतीला देऊन बसलो! सुंदराबाईंनी शिवणयंत्राकडे पाहिलं आणि आधी त्याच्यावर झाकण घातलं. पण शब्द मागे घ्यायचा, तर पाण्यात हात घातल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

मार्ग राजेंद्रने काढला. राजेंद्र पोलादपूरच्या तहसील कार्यालयात कारकून होता, आणि कुठलाही कागद वाचल्याशिवाय न सोडण्याची त्याला सवय लागली होती. बोटीच्या बाकाखाली प्लास्टिकच्या पिशवीत त्याला एक इंग्रजी पुस्तिका सापडली.

"मामा, हे बघा. बोट एका बाजूला कलत असेल तर तिच्या मागच्या अंगाला, खाली, दोन पोलादी पत्रे बसवतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. ट्रिम टॅब म्हणतात त्यांना. सुकाण्याजवळचं बटण दाबलं की पत्रा खाली झुकतो, धावत्या पाण्याचा दाब त्याच्यावर येतो, आणि ती बाजू वर उचलली जाते."

"म्हंजे पाण्यावर जॅक लावायचा."

"तसंच काहीसं."

"मग एवढीशी गोष्ट सांगायला एवढं इंग्रजी कशाला?" धोंडूभाऊ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जावयाला घेऊन मुंबईला, माझगावला गेले.

माझगावच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बोट किती फुटांची?"

"अठरा."

"बारा इंची जोडी पुरेल."

"अठरा इंची द्या."

"मोठी होईल हो."

"शेठ, ब्रेक मोठा लागला म्हणून दरीत गेलेली गाडी तुमी पाह्यलीत का कधी?"

दुकानदाराने पाहिली नव्हती. त्याने अठरा इंची जोडी काढली. "कलते कुठे?"

"डावीकडं. थोडीशी. खाडीमुळं."

"आणि माणसं कशी बसतात?"

"कशी म्हंजे? नेहमीसारखी."

राजेंद्रनेही मान डोलावली. महाड-पोलादपूरकडे सभा असो, लग्न असो की विहारातली वंदना, बाया एका अंगाला बसतात आणि पुरुष एका अंगाला. बोटीतही पहिल्या दिवसापासून चौघी बाया, त्यांच्या पिशव्या, पाण्याची कळशी आणि डबे डाव्या बाकावर, आणि दोघे पुरुष हात हलवत उजव्या बाकावर. यात सांगण्यासारखं काय होतं? आपण श्वास आत घेऊन बाहेर सोडतो, हे कुणी डॉक्टरला सांगत बसत नाही.

पत्रे घरी आले. धोंडूभाऊंनी खाकी शर्टाच्या बाह्या वर केल्या, फणसाखाली दोन गोणपाटं अंथरली आणि ड्रिल मशीन हातात घेतलं. आवाज ऐकून सुंदराबाई पिठाच्या हातांनी बाहेर धावल्या.

"अवो, काय करताय?"

"भोकं पाडतोय."

"पाण्यात घालायच्या वस्तूला?"

"बिजागऱ्या बसवायच्या तर स्क्रू पायजेत. स्क्रूला भोकं पायजेत."

"किती?"

"बावीस."

"माठाला एक पडलं तर आपण माठ फेकून देतो!"

"माठाला एसटीचा मेकॅनिक नसतो," धोंडूभाऊ म्हणाले आणि पहिलं भोक पाडलं.

काम मात्र त्यांनी सुरेख केलं. बुडाच्या कडेपासून बोटभर वर, दोन्हीकडून सारखं अंतर मोजून, प्रत्येक भोकात पाणी अडवणारा मसाला भरून त्यांनी पत्रे असे बसवले, की कारखान्यातूनच लागून आल्यासारखे वाटावेत. घोटाळा झाला तो वायरींत. पुस्तिकेतल्या आकृतीत डाव्या बटणाची वायर उजव्या पत्र्याला जात होती आणि उजव्या बटणाची डाव्या.

"छापखान्याची चूक," धोंडूभाऊंनी निकाल दिला.

"नाही मामा, कारण दिलंय इथे. उजवा पत्रा खाली गेला की उजवी बाजू उचलते, म्हणून डावी दबते. म्हणजे डाव्या बटणाचा परिणाम डावीकडेच दिसतो."

"जावईबापू, तुमी तहसिलात असता. तिकडं ह्या टेबलावर दिलेला अर्ज त्या टेबलावर निघतो. मशिनीत तसं चालत नाय. डावा इंडिकेटर दाबला आन् उजवा दिवा लागला, तर मी वायरमनला मेमो दिला असता." आणि त्यांनी डाव्या बटणाला डावा पत्रा जोडला.

आता चाचणी. पण रिकाम्या बोटीची चाचणी घेण्यात अर्थ नव्हता. वर्कशॉपमध्ये नव्या ब्रेकची परीक्षा वाळूची पोती भरूनच होत असे. धोंडूभाऊंनी खताच्या रिकाम्या गोण्या आणल्या, नदीची वाळू आणली, कोपऱ्यावरच्या दुकानातून काटा आणला, आणि एकेक गोणी मोजून शिवून, कुणाच्या बदली कुठली हे ध्यानात राहावं म्हणून तिच्यावर तेलरंगाने नाव घातलं.

सुंदराबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि सगळ्यात फुगीर गोणीसमोर थबकल्या.

"ह्ये कोण?"

"तू."

"मी?"

"अंदाजे."

"अंदाजे म्हंजे किती?"

धोंडूभाऊंनी आयुष्यात कधी माप चोरलं नव्हतं. "बाहत्तर," ते म्हणाले.

सुंदराबाईंनी हातातलं ओलं लुगडं फाडकन झटकलं. धोंडूभाऊंना त्या झटकण्याचा अर्थ उशिरा लागला. "सत्तर धर गो," ते म्हणाले.

"आन् रंगूताईचं पोतं बारीक कसं?"

"ताई वाळल्यात जरा."

"माझ्याच उंचीची हाय ती!"

"उंची पोत्यात मोजत नायत."

त्या दुपारी धोंडूभाऊंच्या ताटात भात अंदाजे वाढला गेला.

दुसऱ्या दिवशी दासगावला चाचणी झाली. चारही गोण्या डाव्या बाकावर बसल्या, उजवीकडे सासरे-जावई. बोट वेगात आली आणि नेहमीप्रमाणे डावीकडे झुकली. धोंडूभाऊंनी शांतपणे डावं बटण 'वर' दाबलं. अर्धा झुकलेला डावा पत्रा वर गेला, आणि त्याचा आधार सुटल्याबरोबर डावी बाजू आणखी खाली बसली. धोंडूभाऊंनी आणखी दाबलं. ती आणखी बसली.

"मामा, उलटं होतंय!"

"बटण नवीन हाय. रुळायला वेळ लागतो," असं म्हणून धोंडूभाऊंनी अंगठा रोवला, आणि सगळ्यात फुगीर गोणी बाकावरून घसरून, कठड्यावरून लोळत खाडीत गेली.

पाणी तिथे कमरेएवढंच होतं. हैबतीने होडी नेऊन गोणी ओढून काढली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि आख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "धोंडूभाऊ, घाबरू नका! वैनी घावल्या!"

बंदरावर मासळी घेऊन महाडला निघालेल्या कोळणींनी एवढंच ऐकलं. गाडी महाडला पोचेपर्यंत सुंदराबाई बुडाल्या होत्या. बातमी तशीच पुढच्या गाडीने पोलादपूरला, रंगूबाईंच्या गावी, गेली, आणि दोनच्या सुमाराला रंगूबाई रस्त्यापासूनच हंबरडा फोडत अंगणात शिरल्या.

"सुंदरे गो! मला सोडून कशी गेलीस गो!"

"ताई, पाय पूस. आताच सारवलंय," सुंदराबाई दारातून म्हणाल्या.

रंगूबाईंनी बहिणीला चाचपून पाहिलं, पाणी प्याल्या, सगळी हकीकत ऐकली. मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "माझं पोतं किती भरलं म्हणालीस?"

"एकसष्ट."

रंगूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्याने सुंदराबाईंच्या मनातली उरलीसुरली दया आटली.

धोंडूभाऊंनी वायरी पुस्तिकेप्रमाणे उलट्या जोडल्या. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. परदेशी वायरींचे रंग फसवे असतात, असं म्हणाले. आणि काय सांगावं, दुसऱ्या चाचणीत बोट रेघ मारल्यासारखी सरळ गेली! डाव्या बाकावर चार गोण्या, डावा पत्रा पुरता खाली, उजवा किंचित, आणि बोटीवर ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा हिंदकळला नाही. हैबतीने किनाऱ्यावरून तोंड फिरवलं.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण धोंडूभाऊ एसटीतले. डिझेलपंप एकदा बरोबर लावला की ड्रायव्हरने त्यात बोट घालू नये म्हणून त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकतात. त्यांनी घरून सीलची पक्कड आणली, दोन्ही बटणांवरून तार घट्ट आवळली आणि तिच्यावर शिशाचा ठोकळा दाबला.

"आता पौर्णिमेपर्यंत कुणी हात लावायचा नाय."

"मामा, पण गरज पडली तर?"

"सील कशाला असतं, जावईबापू? गरज पडू नये म्हणूनच."

बुद्धपौर्णिमेला विहारातली वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि दुपारी भर भरतीला सगळी मंडळी दासगावला जमली. बघायला निम्मं गाव होतं. धोंडूभाऊंनी हत्यारांची पेटी मुद्दाम किनाऱ्यावर ठेवली. "आज पान्याचं काम नाय," त्यांनी जाहीर केलं आणि पाठ ताठ करून सुकाण्यावर बसले. साक्षीदार म्हणून हैबती वल्हं घेऊन चढला. नव्या बोटीचा मालक चढावा तसा.

सुंदराबाई बोटीत पाय ठेवताना मनात म्हणत होत्या, सरळ जाऊ दे हिला एकदाची. मग त्यांची नजर डाव्या बाकावर गेली. नेहमीच्या त्यांच्या जागी ओली वाळू चिकटली होती, आणि गोणीवरचा तेलरंग लागून 'रा' हे अक्षर उलटं उमटलं होतं. बाहत्तर किलो त्यांच्या डोक्यात गेले.

"मी पोत्याच्या जागी बसणार नाय," त्या म्हणाल्या आणि तरातरा उजव्या बाकावर जाऊन बसल्या.

सुंदराबाई तिथे, म्हणून रंगूबाई तिथे. आई आणि मावशी तिथे, म्हणून दीक्षा तिथे. बनुबाई खिरीचा डबा घेऊन चौथ्या. उजवा बाक बायांचा झालेला पाहून राजेंद्र आणि हैबती मुकाट्याने डावीकडे गेले. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. धोंडूभाऊंनी तर मागे पाहिलंच नाही. एसटीत मागचं कंडक्टर बघतो.

बोटीने वेग घेतला. डावा पत्रा डावी बाजू इमानेइतबारे वर उचलू लागला, आणि उजवीकडे चौघी जणी होत्याच. बोट उजव्या कुशीवर वळली आणि पाण्याचा पहिला फवारा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, धोंडूभाऊंच्या इस्त्रीच्या शर्टावर आला.

"मामा, उजवीकडे कलतेय!"

"खाडी बदलली असंल!"

"बटण दाबा!"

"सील हाय!"

"माझा अडकित्ता घ्या!" रंगूबाईंनी चंचीतून अडकित्ता काढून पुढे केला. "तोडा ती तार!"

"ताई! सील तोडायला लेखी परवानगी लागते!"

"कुणाची?"

"माझी!"

"मग द्या की!"

"चालत्या गाडीत नाय देता येत!"

तोवर बोट कलल्या बाजूला ओढत ओढत, धोंडूभाऊ सुकाणू डावीकडे फिरवत असतानाही, वळणावरच्या चिपीच्या खारफुटीकडे गेली आणि तव्यावर भाकरी बसावी तशी चिखलात बसली. इंजिन बंद पडलं. पौर्णिमेची भरती मोठी आणि ओहोटीही तेवढीच घाईची. पाणी आताच काढता पाय घेऊ लागलं होतं.

"बाबा, ते काय आहे?" दीक्षाने दहा-बारा हातांवर बोट दाखवलं.

"ओंडका," धोंडूभाऊ म्हणाले.

"ओंडक्याला डोळे हायत," बनुबाई म्हणाल्या आणि खिरीचा डबा पोटाशी धरला.

"मगर हाय," हैबती जांभई देत म्हणाला. "ऊन खातीय. काय करायची नाय, पोट भरलंय तिचं."

"तुला काय ठाऊक?"

"भरलं नसतं तर एव्हाना हलली असती." त्याने धोतर खोचलं. ज्या बोटीचा आपण अर्ध्या तासात मालक होणार, ती चिखलात रात्रभर ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. तो वल्हं घेऊन गुडघाभर गाळात उतरला. "बायांनो, उठा तिकडून. ह्या अंगाला या. धोंडूभाऊ, इंजिन उलटं मारा!"

बाया उठल्या. कुणी पडली, कुणी धरलं, कुणी जिथे जागा दिसली तिथे बसली.

"मामा, थांबा! पुस्तकात लिहिलंय, मागे जाण्याआधी पत्रे वर घ्यायचे..." राजेंद्रचं बोलणं इंजिनाच्या आवाजात बुडालं. गाळ उसळला, बुडाखाली दोनदा 'कट कट' असं काहीतरी वाजलं, आणि बोट झटक्याने मोकळी झाली.

हैबती अजून गाळातच उभा होता. चिखलात त्याला दोन चकचकीत वस्तू दिसल्या. बिजागऱ्यांच्या काड्या निसटून अठरा इंची पत्रे तिथेच रुतून राहिले होते. त्याने ते उपसले, सुंदराबाईंच्या पायांशी टाकले आणि कठड्यावरून आत आला. धोंडूभाऊ पुढे नजर लावून बसले होते. बोट परत दासगावकडे वळली होती आणि धावत होती.

सुंदराबाईंनी पायाशी पडलेल्या पत्र्यांकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. बोट सरळ होती. साबणाची वडी ओल्या फरशीवरून सरकावी तशी सरळ. बनुबाईंच्या डब्यातली खीरसुद्धा काठाला लागत नव्हती. त्यांनी बाकांकडे पाहिलं. डावीकडे रंगूबाई जावयाशेजारी अंग चोरून बसल्या होत्या आणि पलीकडे दीक्षा, बनुबाई. उजवीकडे त्या स्वतः, आता येऊन टेकलेला हैबती आणि सुकाण्यावर धोंडूभाऊ. बायांची बाजू, पुरुषांची बाजू, असं काही उरलंच नव्हतं.

एवढंच होतं तर!

त्या बोलायला तोंड उघडणार, तोच धोंडूभाऊंचा आवाज आला. ते मागे न बघता, ओल्या खाकी शर्टातली पाठ ताठ ठेवून म्हणत होते, "बघितलंत? थोडा वेळ द्यावा लागतो. धरली की नाय पत्र्यांनी पकड?"

सुंदराबाईंनी तोंड मिटलं आणि पायांनी पत्रे चटईखाली सारले.

"वैनी," हैबती कुजबुजला, "पत्रे तर तुमच्या पायाखाली हायत. आन् जाताना बोट कलली. बोट माझी."

"घे की," सुंदराबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "पण इंजिन बंद पडलं की कुणाकडं जाशील?"

"धोंडूभाऊकडं."

"आन् नाय पडलं, तरी ते रोज सकाळी तुझ्याकडं येतील. बोट बघायला. वल्हं कसं धरायचं, दोर कसा बांधायचा, चहा किती उकळायचा, सगळं सांगतील. संध्याकाळपर्यंत. चालंल तुला?"

हैबतीने धोंडूभाऊंच्या पाठीकडे पाहिलं. ते आता राजेंद्रला खाडीच्या उंचीविषयी काहीतरी समजावत होते. राजेंद्र आभाळाकडे बघत होता. हैबतीने दुखरा खांदा चोळला.

"रविवारी मला फिरवतील?"

"दर रविवारी. पण बसायचं मी सांगेन तिथं."

दासगावच्या बंदरावर निम्मं गाव डोळे ताणून उभं होतं. बोट दोन्ही कडा सारख्या ठेवून किनाऱ्याला लागली. धोंडूभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हैबती, तू साक्षीदार. सांग, कलली?"

हैबतीने एकदा वैनींकडे पाहिलं. "आली तर सरळ," तो म्हणाला, आणि त्याहून जास्त कुणी विचारायच्या आत आपल्या होडीतलं पाणी उपसायला निघून गेला.

"शब्द माझा होता," सुंदराबाई उतरता उतरता म्हणाल्या. त्यांच्या काखेत गुंडाळलेली चटई होती, आणि ती चटईच्या मानाने बरीच जड दिसत होती. "मी सांगते. सरळ आली. न्या घरी."

धोंडूभाऊ टेम्पोत पुढे बसले आणि बोट मागून ओढली जात महाडला आली, तोवर दिवेलागण झाली होती. राजेंद्र सकाळी नेहमीपेक्षा एक गाडी आधी पोलादपूरला गेला. सुंदराबाई चुलीशी बसल्या होत्या. अंगणातून हाक आली.

"अगो सुंदरा! भाईर ये! पत्रे चोरीला गेले!"

सुंदराबाईंनी तांदळाच्या डब्यामागे उभ्या केलेल्या चटईकडे एकदा पाहिलं आणि भाकरी उलटली. "जाणारच," त्या आतूनच म्हणाल्या. "एवढा चांगला माल उघड्यावर ठेवलात."

धोंडूभाऊंनी बोटीमागे वाकून एकेक स्क्रू मोजला. मग धोंडूभाऊ दारात आले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण मान ताठ होती.

"बावीस स्क्रू तसेच ठेवले, बिजागऱ्या तशाच ठेवल्या, नेमके पत्रे काढून नेले," ते म्हणाले. "काय म्हण, चोराला पारख हाय."